वीकचा काळ्या गोट्यांचा किनारा (आइसलँड) आणि आपला काळा फत्तर

भीमाकाठची (सोलापूर)

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन आइसलँडला जाऊन आले. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्याकडे महिनाभर मुक्काम होता, तिथून पाच दिवस आइसलँड. सगळ्या सहलीचं लिहीत बसत नाही. वीक गावाजवळच्या काळ्या किनाऱ्यावर आमच्यासोबत जे झालं ते मात्र सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडून आता बरेच जण तिकडं जायला लागलेत आणि आपल्या सोलापूरकरांना समुद्राची सवय नाही.

आधी थोडी माहिती. वीक हे आइसलँडच्या अगदी दक्षिण टोकाचं छोटं गाव. राजधानी रेक्याविकपासून साधारण १८५ किलोमीटर, एक नंबरच्या हमरस्त्याने अडीच तास. गावाला लागूनच एक काळा किनारा आहे, पण फोटोत दिसतो तो प्रसिद्ध किनारा, रेनिसफ्यारा, मधल्या डोंगराच्या पलीकडे. गाडीने वळसा घालून दहा-पंधरा मिनिटं. इंग्लंडचा व्हिसा असला तरी आइसलँडला शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो (शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा), तेव्हा हातात वेळ ठेवा.

वाहनतळावरून खाली उतरलो आणि बाबा थांबले. बाबांनी तीस वर्षं खाणीवर आणि खडी क्रशरवर मुकादमी केली. दगड हा त्यांचा रोजचा विषय. समोर नजर जाईल तिथवर काळे, गुळगुळीत, ओले गोटे. वर मोठे, आंब्याएवढे. जसं पाण्याकडं जावं तसे सुपारीएवढे, मग हरभऱ्याएवढे, आणि शेवटी काळी रेती. बाबा म्हणाले, "चाळण लावल्यासारखं केलंय की गं हे!" लाट मागं जाताना तिच्याबरोबर हजारो गोटे घरंगळत होते. त्याचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मोठ्या परातीत पोतंभर शेंगा ओताव्यात तसा, पण थांबतच नाही. बाबा म्हणाले, हे क्रशरच आहे, पाण्यावर चालणारं.

त्यांनी दोन गोटे उचलले आणि एकमेकांवर आपटून कान लावला. खणखणीत वाजले. "हा आपलाच फत्तर," म्हणाले. मग तिसरा उचलला, तो हलका निघाला. अंगभर बारीक भोकं, हुबेहूब टाच घासायच्या वजरीसारखा. बाबा तो कितीतरी वेळ बोटांत फिरवत होते. आपल्या खाणीतल्या असल्या दगडात भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली असतात, इथली रिकामी का, हा त्यांचा प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. इथं कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

किनाऱ्याच्या एका टोकाला कडा आहे. अख्खा कडा सहा-सहा कोनी दगडी खांबांचा, एकाला एक चिकटून उभे. लोक त्या पायऱ्यांवर चढून फोटो काढतात. समोर समुद्रात काळे सुळके उभे आहेत, त्यांना रेनिसद्रांगार म्हणतात. ते मूळचे राक्षस. रात्री जहाज किनाऱ्याकडं ओढत असताना उजाडलं आणि तिथल्या तिथं दगड झाले, अशी तिथली दंतकथा.

आता मुख्य गोष्ट. उतरतानाच मोठा फलक आहे, त्यावर दिवा असतो. लाल असेल तर किनाऱ्यावर उतरायचं नाही. आम्ही गेलो तेव्हा पिवळा होता, म्हणजे जपून, पाण्यापासून लांब. भावाने दोनदा बजावलं. आम्ही लांबच होतो. लाटा आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर येऊन परत जात होत्या. सहा-सात लाटा तशाच. त्यामुळे मन निर्धास्त झालं.

आईला सागरगोट्यांसाठी पाच सारखे खडे हवे होते. लहानपणी ती वाड्यात सगळ्यांना हरवायची. ती खाली बसली, समुद्राकडं पाठ करून, आणि निवडून निवडून खडे ओंजळीत घ्यायला लागली. मी तिचा फोटो काढत होते, म्हणजे माझं तोंड समुद्राकडे. मोबाईलच्या पडद्यावर आईच्या मागं पांढरी रेघ दिसली आणि ती वाढतच गेली. मी ओरडले. भाऊ धावला. तोवर पाणी आईच्या कमरेला लागलं होतं. ती उठायला गेली तर पायाखालचे गोटेच निघून चालले होते, पाय रोवणार कशात? दोन्ही हातांवर पडली. भावाने एक हात धरला, शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गोऱ्या बाईने दुसरा. मागं जाणारं पाणी तिघांनाही चार-पाच हात ओढत घेऊन गेलं. मग सुटलं. आणि लगेच पुढची लाट दिसत होती. कसं वर आलो ते मला नीट आठवत नाही.

गाडीत भावासाठी नेलेली सोलापुरी चादर होती, अजून घडी न मोडलेली. आईला तिच्यात गुंडाळलं. ती कितीतरी वेळ थरथरत होती. मूठ आवळलेली. उघडून पाहिली तर त्यात दोन खडे. बाबांनी ते काढून घेतले, उतरून गेले आणि वाहनतळाच्या कडेच्या गोट्यांत ठेवून आले. तिथून दगड उचलून न्यायचे नसतात, हे खरं. पण बाबांनी ठेवले ते नियमासाठी नाही.

म्हणून हा धागा. कुणी जाणार असाल तर समुद्राकडं पाठ करू नका. म्हाताऱ्या माणसांचा आणि लेकरांचा हात सोडू नका.

हुतात्मा_एक्सप्रेस (सोलापूर, सध्या पुणे)

ताई, वाचताना अंगावर काटा आला. काकू आता कशा आहेत?

आम्ही दोन वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. बसमधून उतरवलं आणि "पंचवीस मिनिटं, फोटो काढा, परत या" एवढंच सांगितलं. लाटांबद्दल चकार शब्द नाही. मार्गदर्शक बसमध्येच बसून. फलक होता, पण चाळीस जणांच्या घाईत फलक वाचतो कोण? माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि लाटेबरोबर मागं-पुढं पळण्याचा खेळ खेळत होता. मी हसत व्हिडिओ काढत होतो. तुमचा लेख वाचून तो व्हिडिओ परत पाहिला. आज रात्री झोप लागेल असं वाटत नाही.

भीमाकाठची

आई बरी आहे. तळहात खरचटले होते, तेवढंच. पण अजून झोपेत मध्येच दचकते.

दादा, तुमचा मुलगा सुखरूप आहे, हे सगळ्यात मोठं. त्या किनाऱ्यावर जीव गेलेले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक नऊ वर्षांची मुलगी गेली. ती बातमी भावाने मला आम्ही परतल्यावर दाखवली, आधी दाखवायला धीर झाला नाही म्हणाला.

निवृत्त_भूगोल (अक्कलकोट)

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. इतका नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर त्या दिवशी मी तास वाढवून घेतला असता.

तो दगड बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला. आपलाही तोच. लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्यात वायू असतो, सोड्याच्या बाटलीसारखा. वरचा थर थिजताना बुडबुडे अडकतात, ती भोकं. आपल्या दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात त्या भोकांतून गरम, क्षार विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक भरत गेले. गारगोटी, अकीक, आणि झिओलाइट नावाची मंडळी. वीकच्या परिसरातला दगड भूशास्त्राच्या हिशोबाने कालचा आहे. भोकं भरायला त्याला अजून उसंतच मिळालेली नाही. बाबांना सांगा, त्यांनी दगडाचं वय बरोबर ओळखलं, फक्त आकडा बोलले नाहीत.

सहाकोनी खांबांचंही तसंच. जाड थर सावकाश निवत जातो तसा आकसतो आणि तडे पडतात. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात ना, तशा, पण खोलवर सरळ गेलेल्या. हे बघायला आइसलँड गाठायला नको. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, पन्हाळ्याजवळ बांदिवडे आहे. सोलापूरहून बांदिवडे एका दिवसात होतं.

आता लाट. तिथला समुद्रतळ किनाऱ्यापासून जवळच खोल जातो. उथळ, लांब उताराच्या किनाऱ्यावर लाट लांबवरच फुटते, रांगत येते, तिचा जोर मरतो. इथं ती पूर्ण ताकदीनिशी थेट किनाऱ्यावर आदळते. शिवाय दक्षिणेकडे अटलांटिक महासागर मोकळा पसरलेला आहे. हजारो किलोमीटरवरच्या वादळाने उठलेल्या लाटा कुठंही न अडता येतात. त्यातल्या दोन लाटा एकमेकींवर स्वार झाल्या की एकदम मोठी तयार होते. त्यामुळे आधीच्या सात लाटा पाहून आठवीचा अंदाज बांधता येत नाही. तुम्ही लांब होता, तरीही पाणी आलं, ते यामुळे.

आणि पायाखालचे गोटे का निघून गेले? वाळू ओली झाली की दबते, पाय रोवता येतो. गोलगोट्यांत पकड नसते. उतार तीव्र, त्यावर छर्रे पसरल्यासारखं होतं. तरणा गडी उभा राहू शकत नाही तिथं.

मंगळवेढा_ज्वारी

मास्तर लई चांगलं सांगितलं तुमी. ताई, आईला जपा.

मला एक इचारायचं हाय. तिकडं एवढं काळं हाय, दगूड आपलाच हाय, मग माती बी आपल्यावानी काळी आसल की. पिकतं काय तिथं? आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस नसला तरी मालदांडी येती, जमिनीच्या वलीवर. तिकडं तर पाण्याला तोटा न्हाई म्हणत्यात.

भीमाकाठची

काका, मी पण हाच विचार करत होते गाडीतून जाताना. मैलोन् मैल काळं पठार, आणि गवताची काडी नाही. काही ठिकाणी मात्र निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे, डोळ्यात मावणार नाहीत एवढे. तुरे हरभऱ्याच्या झाडापेक्षा उंच, ढोपरापर्यंत. खाली शेंगा धरायला लागलेल्या. भावाने सांगितलं, लुपिन.

निवृत्त_भूगोल

काका, काळा रंग एक, पण ती माती नव्हे. आपली काळी माती म्हणजे तोच दगड, ऊन-पावसाने लाखो वर्षं कुजवलेला. त्याची चिकणमाती झाली, म्हणून ती ओल धरते, म्हणून तुमची ज्वारी थंडीत नुसत्या ओलीवर येते. तिकडे थंडीमुळे दगड कुजत नाही, फुटतो. ज्वालामुखी बर्फाखाली फुटतो तेव्हा तापलेला लाव्हा गार पाण्यात पडून काचेसारखा तडकतो. त्याची होते काळी रेती. पाणी टाकलं की खाली निघून जातं. वीकच्या मागं मीरडाल्सयोकुल हिमनदी आहे आणि तिच्या पोटात काट्ला नावाचा ज्वालामुखी. १९१८ साली तो फुटला तेव्हा बर्फ वितळून एवढा पूर आला की त्याने आणलेल्या गाळाने किनाराच समुद्रात पुढं सरकला.

लुपिन हे कडधान्याच्या कुळातलं. तूर-हरभऱ्यासारखं हवेतलं नत्र मुळांवाटे जमिनीत देतं. उघडी जमीन वाऱ्याने उडून जात होती, ती थांबवायला १९४५ मध्ये अलास्काहून त्याचं बी आणलं. आता ते एवढं पसरलंय की तिथल्या मूळच्या खुरट्या झाडोऱ्याला दाबून टाकतंय, आणि त्यावरून तिथं दोन तट आहेत.

मंगळवेढा_ज्वारी

आसं हाय व्हय. म्हणजे आमचं रान त्याच दगडाचं म्हातारपण म्हणायचं. नातवाला वाचून दाखवतो.

भाट्याची_खाडी (रत्नागिरी)

सोलापूरकरांच्या धाग्यात कोकणातून येते आहे, चालेल ना? माहेर बार्शीचं आहे हो माझं.

ताई, तुमच्या आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. इथं दर सुट्टीत घाटावरच्या माणसांच्या बुडाल्याच्या बातम्या येतात. गणपतीपुळ्याला पाणी वरून किती शांत दिसतं, पण पायाखालची वाळू कधी सरेल सांगता येत नाही. किनाऱ्यावरचे लोक शिट्ट्या मारून मारून दमतात. लग्न होऊन आले तेव्हा मी पण धावतच पाण्यात शिरले होते. सासूबाईंनी दंड धरून मागं ओढलं आणि म्हणाल्या, "आधी तिथी विचारायची, मग पाय भिजवायचा." अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप मागं जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र त्या मानाने मऊ. ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरायचंच नाही, ते ओढून नेतं. एवढं तरी सोलापूरहून निघताना प्रत्येकाने कालनिर्णयात बघून यावं.

आणि काळा किनारा बघायला परदेशी जायला हवं असं नाही. आमच्या रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, पांढरा समुद्र आणि काळा समुद्र. मधे रत्नदुर्ग. किल्ल्याच्या एका बाजूला पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला मांडवीला काळी. गोटे नाहीत, वाळू आहे, पण संध्याकाळी ओली असताना तव्यासारखी चमकते. जेटीच्या कठड्याला टेकून ते बघत बसायचं. चपला काढून चाललात तर दुपारी पाय पोळतात, काळी वाळू ऊन पिते.

निवृत्त_भूगोल

मांडवीच्या वाळूचं कारण आणखी वेगळं. तिच्यात इल्मेनाइट आहे, लोह आणि टिटॅनियमचं खनिज. जड असल्यामुळे लाट हलकी पांढरी वाळू वाहून नेते आणि हे कण मागं राहतात. पाखडल्यावर सुपात जड दाणे राहतात, तसं. सोबत थोडं मॅग्नेटाइटही असतं. साधं लोहचुंबक फिरवलं तरी त्याचे कण चिकटतात.

डाळिंब_सांगोला

एक व्यावहारिक प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला यायचं ठरवतोय. दोन मुलं आणि माझी आई. सोलापूरकडून रस्ता कसा आहे? मधे कुठं थांबावं?

भाट्याची_खाडी

या, नक्की या. सांगोल्याहून मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, रत्नागिरी. राष्ट्रीय महामार्ग १६६ आहे, बरीच कामं चालू असतात, म्हणून पहाटे निघा. आंबा घाटात उजेडी यायचं, धुकं असलं की वळणं दिसत नाहीत. लेकरांना गाडी लागत असेल तर मलकापूरला खाऊ घालू नका, घाट उतरून साखरप्याला घाला.

आणि सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन या. इथं मासे भरपूर मिळतील, पण तुमच्या आईंना चौथ्या दिवशी भाकरीची आठवण येईल. मला वीस वर्षांनंतरही येते.

हुतात्मा_एक्सप्रेस

ताई, एक विचारायचं राहिलं. तो प्रसंग झाल्यावर तुम्ही तिथून लगेच निघालात का? परत कुणी जात असेल तर जावं असं तुम्ही म्हणाल, की नको?

भीमाकाठची

जावं. हे मी आईला विचारून लिहितेय.

आम्ही लगेच निघालो नाही. आईचे कपडे बदलले, वीक गावात गेलो. गावाच्या वर टेकाडावर लाल छपराचं पांढरं चर्च आहे. काट्ला फुटला आणि पूर आला तर गावाने तिथं जमायचं, असं ठरलेलं आहे. आई चादर पांघरून त्याच्या भिंतीला टेकून बसली. खाली अख्खा काळा किनारा, सुळके, पांढऱ्या रेघा. रात्रीचे नऊ वाजले होते आणि आपल्या पाचच्या उन्हासारखा उजेड. कड्यावरून पफिन पक्षी समुद्राकडे जात-येत होते, लाल-नारिंगी चोचीचे, पंख इतके भराभर हलवतात की बघणाऱ्याला दम लागावा. भावाने डबा उघडला. आईने स्वतःच्या हाताने भाकरी मोडून सगळ्यांना दिली, वर चटणी. ती म्हणाली, "एवढा राग आलाय मला त्या पाण्याचा, पण बघावंसं वाटतंय." पाऊण तास बसली.

म्हणून म्हणते, जा. पण वरून बघा, भरपूर वेळ काढून बघा. दिवा बघा. खाली गेलात तर तोंड समुद्राकडे ठेवा. तिथल्या मदतीचा क्रमांक ११२. धावून येतात ते स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून येणारे.

बाबांना मास्तरांचं उत्तर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. दुपारी गच्चीतून जुना वरवंटा घेऊन आले, आजीचा, टाकी लावून लावून झिजलेला. बल्बखाली धरून मला दाखवला. एका बाजूला बारीक पांढरे ठिपके आहेत, भरलेल्या भोकांचे. आयुष्यभर त्यावर मसाला वाटला, मी कधी पाहिले नव्हते.

डाळिंब_सांगोला

खूप धन्यवाद ताई. तिथी बघितली, अष्टमीच्या आसपासच येतो. मुलांनी आत्ताच लोहचुंबक मागितलाय, मांडवीला न्यायला. शाळेच्या पेटीतला चालेल का, की मोठा लागेल?

निवृत्त_भूगोल

शाळेतला चालेल. फक्त तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूत फिरवायला सांगा. उघडा फिरवला तर कण असे चिकटतात की पुसून निघत नाहीत. पिशवीतून चुंबक बाहेर काढला की सगळे एकदम खाली पडतात. वाळू कोरडी असू द्या.

भाट्याची_खाडी

कोरडी वाळू जेटीच्या अलीकडे, वरच्या अंगाला मिळेल. सकाळी नऊच्या आत या, मग तापते. मी जवळच राहते, निरोप टाका, लेकरांना मी घेऊन जाईन.